चक टेलरने बूट घडवला नाही, पण घराघरांत नेला

कॉन्व्हर्स या अमेरिकन कंपनीचा ऑल स्टार हा कॅनव्हासचा बास्केटबॉल बूट चक टेलर या बास्केटबॉल खेळाडूने डिझाइन केला, असं काहींना वाटतं. तसं नाही. कॉन्व्हर्सने तो 1917 मध्येच बाजारात आणला होता. टेलर कंपनीत आला तो 1920च्या दशकाच्या सुरुवातीला, विक्रेता म्हणून. गावोगावच्या शाळा-कॉलेजांत बास्केटबॉलची शिबिरं घेत त्याने बूट खपवला, आणि घोट्यावरच्या गोल बिल्ल्यावर त्याची सही आली ती थेट 1930च्या दशकात. खेळाडूच्या नावाने बूट विकण्याची चाल इथूनच रुळली, हे श्रेय मात्र त्याचंच.

1969 मध्ये आदिदासचा सुपरस्टार हा चामडी बूट आला आणि कॅनव्हास हळूहळू कोर्टवरून हटला. पुढे तो पंक आणि ग्रंज या रॉक संगीतप्रकारांच्या मंडळींनी उचलला, कारण स्वस्त होता.

आता या बुटाच्या तळाभोवतीची रबरी पट्टी सुटते, त्याबद्दल. कॅनव्हास आणि रबर भट्टीत एकत्र भाजून जोडलेले असतात, त्यामुळे पाऊल जिथे वाकतं, चवड्याच्या बाजूला, तिथेच पट्टी आधी उकलते. तिथे इन्स्टंट ग्लू अजिबात लावू नका. तो कडक होतो आणि वाकताच तडकतो. जुना गोंद खरवडा, दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा, रबरी सोल्यूशनचा पातळ थर दोन्हीकडे लावा. दहा-पंधरा मिनिटं, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, सुकू द्या. मगच दाबा आणि रात्रभर दोरीने आवळून ठेवा. घाई केली तर आत सोल्यूशनची ओल अडकते आणि पट्टी पुन्हा सुटते.