ब्रूपबच्या बिअरची तुलना करायची कशी?

फेसाळ:
आम्ही चार मित्र जवळपासच्या तीन ब्रूपबमध्ये (जिथं बिअर तिथंच बनवतात) आलटून-पालटून जातो आणि वहीत दहापैकी गुण लिहितो. आता वही उघडली की भांडण. पहिल्या ठिकाणची व्हीट बिअर एकाला जगात भारी वाटते, दुसरा म्हणतो हे केळ्याचं सरबत आहे. आयपीएला (इंडिया पेल एल) मी आठ दिले, शेजारच्यानं तीन. का, तर कडू लागली! अरे बाबा, कडूच असते ती. वर एका पबची तीच लेगर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) एकदा झकास निघाली आणि पुढच्या वेळी तिला चक्क लोण्याचा वास. गुण द्यायची काही धड पद्धत असते का?

टँकमागचा:
बिअर बनवण्यातच उमेदवारी केली आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

सरबतवाल्या मित्राला सांगा, त्यात केळं कुणी घातलेलं नसतं. हेफेवायझेन या जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं, त्याचा वास पिकलेल्या केळ्याचा. लवंगेसारखा वास येतो तोही त्या यीस्टचाच. बेल्जियन विटबिअरसुद्धा गव्हाचीच, पण तिच्यात धणे आणि संत्र्याची साल पडते. मेन्यूवर दोन्हींपुढे नुसतं 'व्हीट' लिहिलेलं असतं आणि तुम्ही दोघींना एका मापानं मोजता. मग भांडण होणारच. वहीत पबचे रकाने नकोत, शैलीचे करा. एका फेरीत एकच शैली, तिन्ही ठिकाणची.

स्पर्धांमध्ये बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता वापरतात. एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात बिअर कशी जाणवते याला ५ आणि एकंदर मताला १०. रूपाला फक्त तीन, हे बघा! आपल्याकडे फेसाचा फोटो काढतानाच निम्मे गुण देऊन झालेले असतात.

आता ते लोणी. ते डायअ‍ॅसिटिल, लोण्याच्या वासाचं रसायन. यीस्ट ते आधी तयार होऊ देतं आणि शेवटी स्वतःच गिळून टाकतं, पण त्याला सवड हवी. लेगर करताना त्यासाठी शेवटी तापमान थोडं चढवतात. गर्दीच्या दिवसांसाठी घाईनं टँक उघडला की लोणी ग्लासात येतं. नळाचे पाइप वेळेवर धुतले नाहीत तरी येतं, तेव्हा बहुधा जोडीला आंबटपणाही असतो. शेजारच्या नळाची बिअरही आंबट लागली तर संशय पाइपांवर घ्या, बिअर बनवणाऱ्यावर नको. म्हणून गुणांशेजारी तारीख लिहा आणि बॅच नवीन आहे का ते विचारा. चांगल्या ठिकाणी हे विचारलं की लोक खूश होतात.

हॉप्सवेडी:
तीन गुण देणाऱ्याची बाजू मी घेते. आयपीए म्हणजे कडू, हे आता सरसकट खरं नाही. न्यू इंग्लंड पद्धतीच्या आयपीएमध्ये बहुतेक हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) उकळी संपल्यावर किंवा आंबवताना घालतात, त्यामुळे फळांचा वास भरपूर आणि कडवटपणा बेताचा. त्याला ती द्या, मग बोलू. आणि पाटीवरच्या आयबीयूवर, म्हणजे कडवटपणाच्या आकड्यावर, विसंबू नका. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा असेल तर ६० आयबीयूची स्टाउट ही काळी बिअर ४० च्या कोरड्या पेल एलपेक्षा सौम्य लागू शकते.

फेसाळ:
बीजेसीपीचा तक्ता बघतो. क्रम कसा ठेवायचा? आम्ही फिक्या रंगापासून काळ्याकडे जातो, कारण काळी म्हणजे कडक.

टँकमागचा:
रंग भाजलेल्या माल्टमुळे येतो, अल्कोहोलशी त्याचा संबंध नाही. काळी गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के आणि सोनेरी बेल्जियन ट्रिपल आठ-नऊ टक्के. सौम्य आधी, कडक आणि कडू शेवटी. भरलेले ग्लास मागवू नका, चवीपुरते छोटे सॅम्पलर पुरे. मधे पाणी प्या. आणि फ्रीजरमधला ग्लास आला तर परत करा, गारठलेल्या बिअरचा वास लागत नाही. स्टाउट तर थोडी निवू... नाही, उलटं, थोडी कोमट व्हायला थांबा.

हॉप्सवेडी:
आणि एकदा डोळे झाकून करा. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. तोच ओळखता आला नाही तर आठ आणि सात गुणांवरून भांडायचा हक्क गेला.

फेसाळ:
हे जमेल. आमच्यातला एक गाडी चालवतो म्हणून पीत नाही आणि दर वेळी कंटाळतो. ग्लासांची अदलाबदल त्याच्याकडे देतो. सुरुवात हेफेवायझेनपासून, सरबतवाल्याला पहिला ग्लास.