मदत हवी आहे: डेबियन १३ च्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही

मंडळी, डेबियन १३ (ट्रिक्सी) ही लिनक्स प्रणाली विंडोजच्या जोडीला टाकायला बसलोय आणि पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडायच्या) पायरीवर अडकलोय. नेटइन्स्ट आयएसओ (इन्स्टॉलरची छोटी फाइल) उतरवली, तिचा एसएचए२५६ चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहिला, तो बरोबर आहे. मागच्या वेळी हे न तपासता अख्खी रात्र घालवली होती, म्हणून या वेळी आधी तेच केलं! पेनड्राइव्हवरून बूट नीट होतं, वायफायही लगेच चाललं. पण डिस्क निवडायच्या पडद्यावर फक्त पेनड्राइव्ह दिसतो, आतली ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी गायब. विंडोज ११ मात्र त्याच एसएसडीवरून मजेत चालू होतं.

बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) स्टोरेज 'रेड' (अनेक डिस्क एकत्र चालवायच्या) मोडवर आहे. ते 'एएचसीआय' (डिस्क थेट दाखवणारा साधा मोड) केलं की डिस्क दिसेल, असा माझा अंदाज. पण मग विंडोज निळा पडदा दाखवील ना? आधी सेफ मोड लावून मग बदल करायचा, असं ऐकलंय. कुणी स्वतः केलंय का? बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू आहे. त्याची 'रिकव्हरी की' (डिस्क उघडायचा राखीव क्रमांक) कागदावर उतरवून ठेवली आहे, तरी बिटलॉकर आधी थांबवावा का?

विंडोज पुसायचं नाहीये, ऑफिसचं काम त्यावरच आहे. फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता पटकन चालू करायची सोय) बंद केलंय. सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालूच ठेवलंय, त्याची अडचण नसावी.