चिठ्ठीवर सीएचडी लिहिलंय, म्हणजे हृदयाला छिद्र आहे का?

बार्शीची_आई:
मुलगी साडेचार वर्षांची. सोमवारी ताप-खोकला म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे नेली, त्यांनी स्टेथो लावला, परत लावला, पाठीवरूनही ऐकलं आणि म्हणाले थोडा मर्मर येतोय, एकदा सोलापूरला लहान मुलांच्या हार्टवाल्या डॉक्टरांना दाखवून टूडी इको करून घ्या. मी विचारलं काळजीचं काही आहे का, तर "तसं काही नाही, दाखवून या." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आलाच. घरी येऊन चिठ्ठी बघितली तर त्यावर आर/ओ सीएचडी. गूगल केलं तर जन्मजात हृदयविकार!! तेव्हापासून घास उतरत नाहीये. काही नाही तर मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं कशाला? सासूबाई म्हणतात सगळं कमिशनसाठी, पोर तर अंगणभर हुंदडते. हे म्हणतात डायरेक्ट मुंबईला नेऊ. कुणाचं ऐकू?

ओपीडी_सिस्टर:
ताई आधी श्वास घ्या. आर/ओ म्हणजे रूल आउट, म्हणजे "हे नाहीये ना, तेवढं बघून द्या". आजार आहे असं त्यात लिहिलेलंच नाही. ती चिठ्ठी एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेली असते, घरी आई ती गूगल करत बसेल हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातही नसतं (आमचीच चूक आहे ही). मर्मर म्हणजे रक्त वाहताना येणारा आवाज. या वयात निरोगी मुलांतही खूपदा ऐकू येतो, आणि तापात किंवा हिमोग्लोबिन कमी असलं की जास्तच. पण निव्वळ स्टेथोवर प्रत्येक वेळी खात्री देता येत नाही म्हणून इको. सोनोग्राफीसारखंच असतं, जेल लावून, सुई नाही.

सातारी_कंदी:
आमच्या मुलाला पाठवलं तेव्हा मी "शंका आहे" हे ऐकलंच नाही, डोक्यात फक्त "होल" बसलं. आणि खरं सांगू का, भीतीपोटी दोन महिने गेलोच नाही, कळलंच नाही तर बरं असं वाटायचं. शेवटी गेलो, छोटं व्हीएसडी निघालं, म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र. तिथल्या मॅडमनी कागदावर हृदय काढून दाखवलं आणि म्हणाल्या अशी बारीक छिद्रं बऱ्याचदा आपोआप बुजतात, वर्षाने या. आता दुसरीत आहे आणि कबड्डी खेळतो 😄 त्या दोन महिन्यांत मात्र त्याला जिनाही चढू दिला नव्हता मी.

पुणेरी_नाना:
सासूबाईंना अगदीच खोट्यात काढू नका, कट प्रॅक्टिस (पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं) आहेच, त्यासाठी २०१७ मध्ये राज्य सरकारला कायद्याचा मसुदा करायला लागला होता. पण मग उपाय साधा आहे, दुसरीकडे इको केलं तर चालेल का एवढं विचारा. चालेल म्हणाले तर विषय संपला. "काळजीचं आहे का" या प्रश्नाला कुठलाही डॉक्टर "नाही"च म्हणणार, त्यापेक्षा शंका कशाची आणि किती दिवसांत जायचं हे विचारायचं. पहिल्याच फटक्यात मुंबई कशाला?

ओपीडी_सिस्टर:
आणि पैशाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीत विचारा. आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, सरकारी योजना) पथक वर्षातून दोनदा तपासायला येतं, त्यांच्यामार्फत पुढची तपासणी आणि गरज लागलीच तर ऑपरेशनही मोफत होतं.

बार्शीची_आई:
नानांचं ऐकून आज फोन केला. डॉक्टर स्वतः बोलले. म्हणाले ताप उतरू द्या, महिन्याभरात केव्हाही जा, कुठेही करा. ओठ निळे पडले, धाप लागली किंवा चक्कर आली तर मात्र थांबायचं नाही, लगेच न्यायचं. हेच सोमवारी सांगितलं असतं तर! पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. इकोच्या वेळी आईला आत बसू देतात का?

ओपीडी_सिस्टर:
हो, बसू देतात, लहान असलं तर मांडीवर घेऊनही करतात. फ्रॉक नको, पुढून बटणं असलेलं काहीतरी घाला. आणि कार्टून आधीच डाउनलोड करून न्या, आमच्याकडे तरी इकोची खोली तळघरात आहे, रेंज शून्य.