‘स्क्रीनिंग’साठी मराठीत एकच शब्द पुरेल का?

प्रश्न
नंदुरबार जिल्ह्यातील आश्रमशाळांसाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयीचे माहितीपत्रक मी मराठीत लिहीत आहे. ‘स्क्रीनिंग’ या शब्दासाठी मी सर्वत्र ‘तपासणी’ लिहिले. मसुदा वाचून दाखवताना एका आईने विचारले, “तपासणीत निघालं म्हणजे पोराला आजार आहेच ना?” शब्दकोशात चाळणे, छाननी करणे, आडोसा करणे, चित्रपट दाखवणे असे अर्थ सापडतात. यांतला कोणता घ्यावा?

उत्तर १ (प्रयोगशाळा तंत्रज्ञ)
त्या आईची शंका रास्त आहे. शाळेत बोटाला टोचून घेतलेल्या रक्तावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन (या आजारातले सदोष हिमोग्लोबिन) आहे, एवढेच सांगते. मूल वाहक (एएस, म्हणजे एकाच पालकाकडून सदोष जनुक आलेले) आहे की रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेले), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्यावरच कळते. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, हे तर ठळक अक्षरांत छापावे. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. एवढ्या मोठ्या समूहातून पुढची चाचणी कोणाची करायची ते वेगळे काढणे, हाच येथे स्क्रीनिंगचा अर्थ. म्हणून मी ‘चाळणी चाचणी’ सुचवेन.

उत्तर २ (अनुवादक)
अर्थ अचूक आहे, पण ‘चाळणी’ला माझा विरोध आहे. धान्य चाळताना आपण खडे आणि कोंडा बाजूला काढतो. आपले मूल तसे बाजूला काढले गेले, असे कोणत्याही आईबापांना वाटू नये, विशेषतः ज्या आजाराच्या नुसत्या नावाने मुलामुलींची लग्ने अडतात तेथे. ‘छाननी’ कागदांची होते, उमेदवारी अर्जांची किंवा नोकरीच्या अर्जांची. माणसाच्या रक्ताची नव्हे. चित्रपटासाठी ‘खेळ’ हा शब्द पूर्वीपासून रुळलेला आहे, त्यामुळे तेथे अडचणच नाही. इंग्रजीत एकाच शब्दाने आडोसा करणे आणि पडद्यावर दाखवणे हे दोन्ही सांगता येते, आणि आपला ‘पडदा’ही झाकतो व दाखवतो, हे साम्य मला फार आवडते, माहितीपत्रकात मात्र त्याचा उपयोग नाही. तेथे ‘प्राथमिक चाचणी’ आणि ‘निश्चितीची चाचणी’ अशी जोडी वापरावी.

प्रश्नकर्ती
ही जोडी घेतली आहे. पहिल्या पानावर आता असे वाक्य आहे: “प्राथमिक चाचणीत सिकलसेल दिसले, तर मूल आजारी आहे असे समजू नका, निश्चितीची चाचणी करून घ्या.”