रामेश्वरहून सोमवारी निघू की गुरुवारी?

शुक्रवार, रात्री

मी: सगळ्यांना एक विचारायचंय. सोमवारचं तिकीट गुरुवारवर ढकलू का? पुढचे चार दिवस २० नॉटच्या, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या वर वारा दाखवतोय, माझ्या ९ चौरस मीटरच्या काइटला हवा तसा. काइट म्हणजे बोर्डवर उभं राहिलेल्या माणसाला पाण्यावरून ओढणारा मोठा पतंग. सात आठवडे इथे काढले आणि परवा कुठे अपविंड जमायला लागलं. म्हणजे वाऱ्याला तिरकं कापत वर चढायचं आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं. इतके दिवस मी वाऱ्याबरोबर खाली वाहत जायचे आणि बोर्ड काखेत मारून किलोमीटरभर वाळू तुडवत परत यायचे. आता जमतंय तर निघायचं जिवावर आलंय.

आई: मंगळवारी हरतालिका, बुधवारी गणपती. मखर अजून माळ्यावरच आहे. मी काय सांगू, तुझं तू बघ.

दादा: गणपती पाच दिवस आहेत, गुरुवारी आली तरी चार मिळतील. असा वारा मागून मिळत नाही.

मोठी आत्या: मला कोणी नीट सांगेल का, तो पतंग माणसाला ओढतो कसा? त्याला लटकतेस का तू?

मी: लटकत नाही आत्या. कमरेला हार्नेस असतं, रुंद पट्टा समजा. पतंगाच्या चार दोऱ्या, वीस-बावीस मीटर लांब, हातातल्या बारला येतात आणि तो बार हार्नेसच्या हुकात अडकवलेला असतो. ओढ सगळी कमरेवर येते, हात फक्त दिशा देतात. बार जवळ ओढला की जोर वाढतो, लांब सोडला की कमी होतो. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते, त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही, पुन्हा उचलता येतो. दोन फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये याचं पेटंट घेतलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या.

नानाकाका: भर पावसाळ्यात समुद्रावर? आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर पडत नाहीत.

मी: वारा तोच आहे काका, नैऋत्येचा. आपल्याकडे तो पाऊस टाकतो आणि घाट ओलांडून इथे येईपर्यंत कोरडा होतो. मे ते सप्टेंबर तो सारखा वाहतो, म्हणून मी बेटाच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर आहे, मन्नारच्या आखाताच्या बाजूला. इथे तो समुद्राकडून जमिनीकडे येतो. काही बिघडलं तर माणूस किनाऱ्याला लागतो, आत ओढला जात नाही. हिवाळ्यात वारा ईशान्येचा होतो, तेव्हा सगळे उत्तरेला पाल्कच्या उपसागराच्या बाजूला जातात. तमिळमध्ये पतंगाला कात्ताडी म्हणतात, इथली पोरं मला लांबून बघून तेच ओरडतात.

शनिवार, दुपारी

मी: आज सकाळी एक झालं, लपवून ठेवत नाही. मी ठीक आहे, आधीच सांगते. काल रात्री तिकिटाच्या विचारात झोप नव्हती, तरी सातलाच पाण्यात उतरले. तासाभराने बाहेर यायला हवं होतं, पण अजून एक फेरी, अजून एक फेरी असं करत दोन तास झाले. मांड्या थरथरत होत्या. वळताना पतंग जरा उशिरा फिरवला, तो पडला तो नेमका नांगरलेल्या होडीपलीकडे. दोऱ्या नांगराच्या दोराला घासून अडकल्या आणि वाऱ्याने पतंग पुन्हा भरला. मी बारवरचं लाल रिलीज ढकललं, म्हणजे पतंगाची ओढ एकदम तोडणारी कळ. पतंग लगेच मेला, आडवा पडून राहिला. बोर्ड गेला वाहून. होडीवरच्या म्हाताऱ्या कोळीबाबांनी कोयतीने दोर कापायचा सोडून बोटांनी एकेक पीळ सोडवला. माझ्या दोऱ्या महागाच्या असतील हे त्यांना न सांगता कळलं. बोर्ड त्यांच्या नातवाने आणून दिला. पैसे घेतले नाहीत.

बाबा: हाताला काही लागलंय का? फोटो पाठव.

मी: डाव्या तर्जनीला दोरीने कापलंय, खोल नाही. धुऊन पट्टी लावली. इथल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, शेवटचे दिवस सांभाळा, माणूस दमलेला असतो आणि थांबायला तयार नसतो. तेव्हा कानाआड केलं.

आई: आजींनी व्हॉइस नोट बोलल्यात, तुला नीट ऐकू येणार नाही म्हणून लिहून काढते: "बाळ, राहायचं तर राहा, गणपती रागावणार नाहीत. पण दमलेलं अंग घेऊन पाण्यात जाऊ नकोस. गंगेचा गडू तुझ्याकडे दिलाय तो विसरू नकोस. आम्ही काशीहून आणला तेव्हा पुढच्या वर्षी रामेश्वर करू म्हणालो होतो, तुझ्या आजोबांना ते घडलं नाही. नाथांनी तर रामेश्वराची कावड तहानेल्या गाढवाला पाजली, तेव्हा उशिराचं मनाला लावून घेऊ नकोस. घातलास की मला फक्त कळव."

मी: आज अमावास्या, अग्नितीर्थावर, म्हणजे देवळासमोरच्या समुद्रकाठावर, पाऊल ठेवायला जागा नाही. उद्या पहाटे जाते. तिकीट बदलत नाही. सोमवारीच निघते.

दादा: नक्की? मी भरेन फरकाचे पैसे.

मी: नक्की रे. पैशाचा प्रश्न नाही. उद्या दुपारी एक तास, तेवढाच.

रविवार, रात्री

मी: आजी, गडू घातला. झाळलेलं तोंड आईने दिलेल्या छोट्या छिन्नीने तिथेच देवळाच्या ओसरीवर उघडलं. पाणी अगदी नितळ होतं, तळाशी चिमूटभर गाळ. रिकामा गडू आणते आहे. परत येताना धनुष्कोडीची वाळू रुमालात घेतली, प्रयागला जाल तेव्हा लागेल.

आजी: (आई लिहितेय) "बरं वाटलं."

मी: दुपारी एक तास झाला. किनाऱ्यावरच्या तीन नारळाच्या झाडांपासून निघाले, बाहेर गेले, वळले, आणि तीन नारळांपाशीच परत आले. पाच वेळा. पाचव्यांदा उतरले तेव्हा पतंग खाली घ्यायला तो होडीवाला नातूच धावत आला. त्याला पंखाचं टोक कसं धरायचं ते दाखवलं, त्याने बरोबर धरलं.

आता आवराआवर. इथे गोड्या पाण्याची टंचाई, म्हणून अख्खा पतंग धूत नाही. एक बादली घेऊन फक्त बार, रिलीज आणि पुलीज धुतल्या. रिलीजमध्ये मिठाचे कण अडकले तर नेमक्या वेळी ते सुटत नाही, शनिवारनंतर ते मी दोनदा उघडून बघितलं. पतंग सावलीत वाळवला, उन्हाने कापड विरतं. शिवणीत वाळू राहतेच. गॅलरीत पुन्हा झटकावा लागेल.

बाबा: बोर्डाची बॅग केवढी आहे? गाडीत मागची सीट पाडून ठेवतो.

मी: १४० सेंटीमीटर. मदुराईपर्यंत १७० किलोमीटर आहे, सकाळी सहालाच निघते. मुंबईला साडेपाचपर्यंत पोचेन.

आई: बोटाची पट्टी बदललीस का? मोदकाचं सारण मंगळवारी रात्री करायचंय, बोट ओलं करू नकोस, खोवायचं काम मी करते.

मी: बदलली. खोवते मी उजव्या हाताने.