मदत हवी आहे: वर २९ अंश, खाली १६. लेक ट्रॅव्हिसला डाइव्हिंगचा सूट कोणता घालावा?

टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस या तलावात ऑगस्टमध्ये दोन डाइव्ह करायच्या आहेत, मध्ये दीड तासाची विश्रांती. खोली २५ ते ३० मीटर, तळाशी १५ मिनिटं, डिकॉम्प्रेशन (वर येताना सक्तीचे थांबे) नाही. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर पृष्ठभागी २९ अंश दिसतात, थर्मोक्लाइन (वरचं कोमट आणि खालचं गार पाणी यांमधली सीमा) ओलांडली की काही मीटरांतच पारा झरझर उतरतो आणि २७ मीटरवर १६. काठावर ऊन ३८ अंशांचं.

आतापर्यंत ५ मिमी सूट वापरून पाहिला, मग ७ मिमी सूट आणि त्याखाली हूड असलेलं ५ मिमी जॅकेट. ३० मीटरवर दाब चौपट, त्यामुळे सूटचं निओप्रीन (हवेचे बुडबुडे असलेलं रबर) चेपतं आणि ऊब नेमकी हवी तिथेच कमी होते. दुसऱ्या डाइव्हला पाठ आणि बोटं गारठतातच. ३ मिमीच्या हातमोज्यांत इन्फ्लेटरचं (तरंगण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीचं) बटण दाबलं गेलं की नाही हेच अंगठ्याला कळत नाही. ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते. सूट पाण्यात उतरूनच चढवणं आणि विश्रांतीत पूर्ण उतरवणं हे करून झालंय.

शरीर सडपातळ, वजन ६८ किलो, सिलिंडर अ‍ॅल्युमिनियम ८० (सुमारे ८० घनफूट हवेचा), बुडण्यासाठी बांधायचं शिसं सध्या ७ किलो. ड्रायसूटचं (अंग कोरडं ठेवणाऱ्या सूटचं) प्रशिक्षण अजून नाही, पण घ्यायची तयारी आहे. ‘कमी खोल जा’ हा पर्याय नको.

अशा पाण्यात ७ मिमी सेमीड्राय (आत अगदी थोडंच पाणी येऊ देणारा सूट) आणि ५ मिमीचे हातमोजे पुरतील, की पातळ आतल्या कपड्यांवर ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या पातळ कापडाचा) ड्रायसूटच घ्यावा? ड्रायसूट घेतला तर गोड्या पाण्यात किती शिशापासून सुरुवात करू, आणि ३८ अंशांत तो चढवताना घामाने आतले कपडे भिजू नयेत म्हणून तुम्ही काय करता?