बिल स्नायडरना नॅशनल टायटल नाही, तरी एवढा मान कसा?

राहुरीकर
मंडळी, मी ऑगस्टपासून कॅन्ससमधल्या मॅनहॅटनला आहे, के-स्टेटला (कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी) ग्रेन सायन्समध्ये एमएस करतोय. इथे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं वेड किती आहे ते आल्यावरच कळलं, गावची वस्ती पन्नास-पंचावन्न हजार आणि स्टेडियममध्ये माणसं मावतात 50 हजारांच्या आसपास, मॅचच्या दिवशी जिकडे बघावं तिकडे जांभळा रंग. स्टेडियमला नाव जुन्या कोचचं, बिल स्नायडर फॅमिली स्टेडियम, बाहेर त्यांचा पुतळापण आहे. मी रेकॉर्ड बघितलं तर 215 विजय, 117 पराभव, 1 बरोबरी. चांगलंच आहे, पण नॅशनल टायटल एकही नाही, कॉन्फरन्सचं, म्हणजे ज्या कॉलेजांच्या गटात टीम खेळते त्याचं, टायटल फक्त दोनदा, 2003 आणि 2012. दुसरे कॉलेज कोच निक सेबन यांना सात नॅशनल टायटलं आहेत! तरी इथली वयस्कर माणसं स्नायडरांबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यासारखं बोलतात. मी क्रिकेट बघत मोठा झालो, तिथे मोठा असतो तो खेळाडू. इथे कोच एवढा मोठा कसा काय? कोणी नीट समजावून सांगेल का?

जुना_वाइल्डकॅट
अरे वा, के-स्टेट! मी नव्वदच्या दशकात तिथेच पीएचडी केली. 215 आकडा बाजूला ठेव आणि ते यायच्या आधी काय होतं ते बघ. देशातल्या मोठ्या कॉलेजांमध्ये 500 मॅच हरणारी पहिली टीम आपली. स्नायडर 1989 च्या सीझनला आले तेव्हा आधीच्या 27 मॅचमध्ये एकही विजय नव्हता, 26 हार आणि एक बरोबरी. त्याच वर्षी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने देशातली सगळ्यात वाईट टीम म्हणून आपल्यावर मोठा लेख छापला. सीझनच्या शेवटी चांगल्या टीम्सना बोलावतात ती बाऊल गेम तोपर्यंतच्या सगळ्या इतिहासात एकदाच मिळाली होती, 1982 ला.

पहिल्या वर्षी त्यांनी 11 पैकी एकच मॅच जिंकली, 30 सप्टेंबरला नॉर्थ टेक्सासविरुद्ध 20-17, तीसुद्धा अगदी शेवटच्या चालीवर टचडाउन (बॉल गोलरेषेपार नेऊन पॉइंट) करून. पुढच्या वर्षी 5, मग 7, आणि 1993 पासून सलग 11 वर्षं बाऊल गेम. 1997 ते 2003 या सात सीझनपैकी सहांत 11-11 विजय!! 1998 ला नेब्रास्काला 40-30 हरवलं, 1968 नंतर पहिल्यांदा, लोकांनी मैदानात घुसून गोलपोस्ट पाडले. ज्यांनी आधीची रिकामी स्टँड्स बघितलीत त्यांना टायटल मोजायची गरजच वाटत नाही.

अपर्णा_आयोवा
कोच मोठा का, तर पोरं चार-पाच वर्षांत निघून जातात. राहतो तो कोच. आणि टीम त्यालाच जमवावी लागते, शाळेतल्या मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांना पटवायचं की तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा. आता टेक्सासची गुणी पोरं मॅनहॅटनला कशाला येतील? म्हणून स्नायडरांनी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांमधून खेळाडू उचलले. 1998 चा क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) मायकेल बिशप असाच टेक्सासच्या ब्लिन कॉलेजातून आलेला. शिवाय स्कॉलरशिप नसताना स्वतःहून टीममध्ये येणारे वॉक-ऑन, जॉर्डी नेल्सन त्यातलाच, पुढे ग्रीन बे पॅकर्सकडून सुपर बाऊल (प्रोफेशनल फुटबॉलची फायनल) जिंकला.

आणि हे सगळं ते आमच्या आयोवात शिकले बरं का, तिथले कोच हेडन फ्राय यांच्या हाताखाली दहा वर्षं होते. आयोवाची टीमपण आधी वर्षानुवर्षं हरायची, फ्राय आले आणि 1981 च्या सीझनमध्ये रोझ बाऊल ही मानाची बाऊल गेम गाठली. म्हणजे बुडालेली टीम वर कशी काढायची ते त्यांनी जवळून बघितलं होतं. आयोवाचाच जुना खेळाडू बॉब स्टूप्स यालाही त्यांनी के-स्टेटला असिस्टंट कोच म्हणून घेतलं.

ह्यूस्टनकर
मान आहेच, पण दुसरी बाजूपण सांगतो. कॉन्फरन्सबाहेरच्या मॅच ते मुद्दाम कमजोर टीम्सशी ठेवायचे, ही टीका तेव्हाही व्हायची आणि मला ती पटते. 1998 ला 11-0 होते, टेक्सास ए अँड एमविरुद्ध बिग 12 ची (के-स्टेटची कॉन्फरन्स) फायनल, चौथ्या क्वार्टरमध्ये 27-12 ने पुढे, त्यात वरच्या नंबरांतली यूसीएलएची टीम दुसरीकडे हरली म्हणजे नॅशनल टायटलच्या मॅचचं दार उघडं, आणि तिथून दोन ओव्हरटाइममध्ये 36-33 हरले. आम्ही ए अँड एमवाले ती मॅच विसरत नाही. 2012 लाही देशात पहिल्या नंबरवर असताना बेलर युनिव्हर्सिटीकडून 52-24 मार खाल्ला. आणि 2017 ला एका रिसीव्हरला (फेकलेला बॉल पकडणारा खेळाडू) दुसऱ्या कॉलेजात जायचं होतं तर त्याला सोडायलाच तयार नव्हते, आरडाओरड झाली तेव्हा सोडलं. ते चुकलंच.

जुना_वाइल्डकॅट
ह्यूस्टनकर, 2017 चं मान्य, त्या पोराला लगेच जाऊ द्यायला हवं होतं. शेड्यूलचं मात्र मी वेगळं बघतो, जी टीम जिंकणंच विसरलीये तिला आधी जिंकायची सवय लावावी लागते, सप्टेंबरमध्ये चार मार खाऊन पोरं ऑक्टोबरला उभी राहत नाहीत.

आणि 2003 का विसरता? ओक्लाहोमा 12-0, देशात पहिल्या नंबरवर, कोच तेच बॉब स्टूप्स जे आधी स्नायडरांचे असिस्टंट होते आणि 2000 ला याच बिग 12 फायनलमध्ये गुरूला हरवून पुढे नॅशनल टायटल घेऊन गेले होते. आपल्या तीन हारी झालेल्या. ओक्लाहोमाने पहिला टचडाउन केला, मग त्यांना एक पॉइंट नाही, 35-7! डॅरेन स्प्रोल्स एकटा बॉल घेऊन 235 यार्ड धावला, एवढासा पोरगा. 1934 नंतरचं पहिलं कॉन्फरन्स टायटल.

2005 ला ते रिटायर झाले, स्टेडियमला नाव देतो म्हटल्यावर 'फॅमिली' शब्द घालायचा त्यांचा आग्रह होता. पुढच्या तीन वर्षांत टीम 17 विजय, 20 पराभव अशी घसरली, तेव्हा वयाच्या 69 व्या वर्षी परत बोलावलं आणि 2012 ला पुन्हा टायटल आणलं. 2017 ला घशाचा कॅन्सर झाला, ट्रीटमेंट घेत घेत कोचिंग केलं, 2018 च्या सीझननंतर थांबले. एकदा उभं केलेलं पडलं आणि त्याच माणसाने त्या वयात परत उभं केलं, मला तरी असा दुसरा कोच माहीत नाही.

राहुरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार! 1934 नंतर पहिलं हे वाचून खरंच अंगावर काटा आला. 2003 ची ती मॅच पूर्ण बघायचीये, कुठे मिळेल?

अपर्णा_आयोवा
यूट्यूबवर शोध. पहिला क्वार्टर तेवढा धीर धर, मजा त्यानंतर आहे.